रेषेवरचे कणीस

संतांची, धर्मगुरूंची, धर्मभगिनींची चरित्रे आपल्या ह्या त्रैमासिकातून आपण नित्य वाचत असतो. एका संख्याशास्त्रज्ञावर, तोही ख्रिस्ती नसलेल्या, चार पाने खर्ची घालावीत हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्यांच्या पुस्तकाच्या आधाराने आमची सारी नोकरी पार पडली, आणि ज्यांच्याशी मनातल्या मनात वाद घालत आमचे उतारवय चालले आहे, त्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचे ऋण कुठेतरी नोंदवून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते. शिवाय ह्या गृहस्थाने आयुष्यभर जे मोजले ती होती माणसांची भूक. तो विषय काही ख्रिस्तसभेला परका नव्हे.

मोजणीविषयी पवित्र शास्त्राचे मन तसे दुभंगलेलेच दिसते. एका पुस्तकाचे तर नावच ‘गणना’. उलट दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली, तर त्याबद्दल देशावर मरीचे संकट आले. ऑगस्टस कैसराने नावनिशी करावयाची आज्ञा काढली म्हणून मरिया आणि योसेफ बेथलेहेमास गेले. आणि भाकरींच्या चमत्कारात तर उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्याही मोजल्या गेल्या. जेवणारे पुरुष पाच हजार होते हेही मत्तयाने लिहून ठेवले. स्त्रिया आणि मुले मात्र त्या आकड्याबाहेर राहिली. तरुणपणी आम्ही हा उतारा कितीदा ऐकला असेल, पण त्यातला हा आकडा आमच्या कानाला कधी टोचला नव्हता.

सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जन्म २७ जुलै १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्र शिकावयास ह्याहून थोर जागा पृथ्वीतलावर नव्हती, आणि ह्याहून भांडखोरही नव्हती. कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यावर त्यांच्या विभागाची दोन शकले झाली होती. एकीकडे रोनाल्ड फिशर, दुसरीकडे पिअर्सन ह्यांचे चिरंजीव इगॉन आणि त्यांच्या जोडीला पोलंडहून आलेले जर्झी नेमन. इमारत एकच, परंतु दोन्ही गटांच्या चहाच्या वेळा निराळ्या होत्या. एका गटाचा चहा हिंदुस्थानी आणि दुसऱ्याचा चिनी असे, असेही सांगतात. ह्या वैराच्या ऐन मध्यभागी हा विशी ओलांडलेला मराठी तरुण दोन्हीकडचे शिकत राहिला. नेमन ह्यांच्या नमुना पाहणीच्या सिद्धान्तावर त्याने १९३५ साली निबंध लिहिला आणि फिशर ह्यांच्या कसोटीसाठी लागणारी कोष्टकेही मांडून दिली. १९३६ साली पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एस्सी. अशा दोन पदव्या त्यांनी मिळवल्या.

मायदेशी आल्यावर कलकत्त्याच्या आरोग्यविषयक संस्थेत थोडा काळ अध्यापन करून १९४० साली ते दिल्लीस शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. युद्ध सुरू होते. पुढे १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. देशात धान्य नेमके किती पिकते हे सरकारला धडपणे ठाऊक नव्हते. जी काही पद्धत होती ती आणेवारीची. गावचा तलाठी नजरेने पीक पाहणार आणि सोळा आण्यांपैकी ते किती आणे आले हे सांगणार. आमच्या वडिलांच्या पिढीतील शेतकऱ्यांना आणेवारी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नसे. आणे कमी लागले तर सारा माफ, जास्त लागले तर वसुली. त्यामुळे त्या नजरेत पीक कमी आणि राजकारण अधिक दिसे.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे ह्यांनी ह्या नजरेच्या जागी विळा आणि तराजू आणला. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडावयाची, गावातील शेते तशीच निवडावयाची, शेतात एक आयत आखावयाचा, तेवढेच पीक कापून, मळून, वाळवून तोलावयाचे. आणि त्या थोड्यावरून साऱ्या जिल्ह्याचे उत्पन्न काढून, शिवाय त्या अंदाजात चूक किती असू शकेल हेही सांगावयाचे. ह्यासाठी निराळी फौज उभी न करता महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडूनच काम करून घ्यावयाचे, हा त्यांचा आग्रह. त्यांचा तो दिल्लीतील छोटा विभाग पुढे वाढून शेती संख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था झाला. २०१६ पासून पंतप्रधान पीक विम्यामुळे ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द खेडोपाडी सर्वांच्या तोंडी झाले. त्या प्रयोगाचे मूळ हेच.

ह्याच कामी त्यांचा प्रा. महालनोबीस ह्यांच्याशी गाजलेला वाद झाला. महालनोबीस म्हणजे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, केवढे मोठे नाव! त्यांची पसंती लहान तुकड्यांना होती. काही फूट त्रिज्येचे वर्तुळ आखावे, त्यातले पीक कापावे. श्रम कमी, खर्च कमी. सुखात्मे म्हणाले, लहान तुकड्यात उत्पन्न फुगते. हे त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ ह्या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडले. कारण ऐकावयास इतके साधे आहे की शास्त्र म्हणावे की लोकव्यवहार, हा प्रश्न पडावा. आखलेल्या दोरीवर जे रोप उभे असते ते आत धरावे की बाहेर? नियम असा की, बुंधा अर्ध्याहून अधिक आत असेल तरच घ्यावे. परंतु कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. त्यात लबाडी नसते. भरलेले कणीस सोडून देणे हाताला जड जाते, इतकेच.

वाचकहो, थोडे गणित सहन करा. परिषदेचा आयत ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग असे. त्याचे क्षेत्र साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास आणि परीघ ९९ फूट. म्हणजे सीमेच्या प्रत्येक फुटामागे आत साडेपाच चौरस फूट रान. उलट दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. त्याचा परीघ साडेबारा फूट आणि क्षेत्रही साडेबाराच चौरस फूट. सीमेच्या एका फुटामागे आत एकच चौरस फूट! तुकडा जितका लहान, तितकी त्यात आतल्या कणसांपेक्षा रेषेवरच्या कणसांची चलती. महालनोबीस ह्यांचे उत्तर असे की, माणसे नीट शिकवलेली असली तर ही चूक होत नाही. तेही खोटे नव्हते. पण देशभर नीट शिकवलेली माणसे आणावयाची कोठून?

शेती खात्यात सांख्यिकी सहायक म्हणून आम्ही जे आयत आखले ते मीटरचे, दहा बाय पाचचे. पानसे आणि सुखात्मे ह्यांचे १९५४ सालचे पुस्तक पिशवीत असे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजत जावयाचे, खुंटी ठोकावयाची, दोरी ताणावयाची. शेतकरी बांधावर उभा राहून बघत असे. दोरीवरच्या ताटाकडे हात गेला की आम्हांला प्रत्येक वेळी थांबावे लागे. त्याचे कारण मात्र पुस्तकात नव्हते.

ते कारण १९७२ सालचे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमचे गाव त्या दुष्काळात होरपळून निघाले होते. विहिरी तळाला गेल्या, जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली, अर्धे गाव खडी फोडावयास आणि पाझर तलावांच्या कामावर. सरकारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो ह्यांवर माणसांनी दिवस काढले. मिशनच्या आवारातही गव्हाचा दलिया, तेल आणि दुधाची भुकटी येऊन पडली. आम्ही तेव्हा पुण्यास महाविद्यालयात होतो, संख्याशास्त्राचा एक पेपर घेतलेला होता आणि सुटीवर घरी आलो होतो. फादरांनी आमच्या हाती एक वही दिली. आपल्या माणसांची घरे १४०, पोती पुरतील ती ९० घरांना. “तू हिशेबाचा मुलगा आहेस,” ते म्हणाले, “यादी तू कर. मात्र जी घरे अगदी काठावर येतील त्यांच्याविषयी मला येऊन सांग.”

आम्ही यादी केली. जमिनीला अमुक गुण, कामावर जाणाऱ्या हाताला अमुक, दुभत्या जनावराला अमुक. गुण जितके कमी तितके घर वर. नव्वदाव्या नावाखाली पट्टीने रेघ ओढली. वशिला नाही, नातेगोते नाही. सख्ख्या चुलत्याचे घरही आम्ही रेघेखाली टाकले होते आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटत होता. त्या अभिमानापोटीच काठावरची घरे आम्ही फादरांना सांगितली नाहीत. सांगितली असती तर कुणी म्हणाले असते, ह्याने मागाहून नावे घुसवली.

रेघेखालचे पहिलेच घर आमच्या आळीतील एका विधवा मावशीचे होते. थोरला चौदा वर्षांचा मुलगा खडीवर जात असे, धाकटी मुलगी दोन वर्षांची, आणि दारात एक शेळी. त्या शेळीचा एक गुण अधिक पडला आणि मावशी रेघेच्या खाली गेली. ती तक्रार करावयास आली नाही. दर रविवारी मिस्साला येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसे.

तीन आठवड्यांनी आणखी पोती आली तेव्हा वही घेऊन आम्ही पुन्हा घरोघर निघालो. मावशीच्या दारात खुंटा होता, दावे होते, शेळी नव्हती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. आम्हांला पाहून तिने नुसती मान फिरवली. दोन वर्षांचे मूल परका माणूस दिसला की एरवी उठून पळते किंवा रडते, ती जागची हलली नाही. मावशी म्हणाली, “लेकरा, तुझ्या वहीत माझी शेळी हाये. दारात न्हाई आता. मग आता बसते का मी?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. आम्ही वहीतली शेळी खोडली आणि तिचे नाव वर लिहिले.

पुढे नोकरी लागल्यावर सीमेवरच्या रोपांचे ते प्रकरण वाचले, तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. शेतात माणसाचा हात रेषेवरचे आत ओढतो. आमचा हात उलट चालला होता. सुखात्मे ह्यांनी पहिल्या प्रकारच्या चुकीवर औषध शोधले होते. दुसऱ्या प्रकाराविषयी ते काय म्हणतात, हे पाहण्यासाठी आम्ही त्यांचे पुढचे लिखाण मिळेल तसे वाचू लागलो.

ते पुढचे लिखाण रोमचे. १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते गेले आणि सुमारे दोन दशके तेथील सांख्यिकी विभाग त्यांनी सांभाळला. प्राचीन रोमच्या रथांच्या शर्यतींचे विस्तीर्ण मैदान समोर असलेली ती इमारत, आणि टायबर नदीपलीकडे व्हॅटिकन. संघटनेचे त्या वेळचे महासंचालक बिनय रंजन सेन हेही भारतीय. सेन ह्यांनी १९६० साली उपासमारीविरुद्ध जागतिक मोहीम उघडली. पुढच्याच वर्षी पोप तेविसावे जॉन ह्यांनी आपल्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ ह्या परिपत्रात संघटनेच्या कार्याची प्रशंसा केली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त परिषदेस आले, १९६७ साली त्यांचे विकासावरचे परिपत्र आले, आणि १९७० साली ते स्वतः त्या संघटनेच्या इमारतीत गेले. त्या दशकात जगाची भूक हा विषय वेदीवरही होता आणि सुखात्म्यांच्या टेबलावरही.

त्या वेळी एक आकडा सर्वत्र फिरत होता की, जगातील दोन तृतीयांश माणसे उपाशी आहेत. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर ह्यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला होता. प्रवचनांतून आम्हीही तो ऐकला आहे. त्यावर तुटून पडणाऱ्यांत कॉलिन क्लार्क हे अर्थशास्त्रज्ञ होते. ते प्रौढपणी कॅथलिक झालेले आणि लोकसंख्येच्या प्रश्नावर पोपमहोदयांनी नेमलेल्या आयोगाचे सदस्य. आकड्याला आधार काय, हा त्यांचा प्रश्न. सुखात्मे ह्यांनी ह्या भांडणात आवाज न चढवता रीत बदलली. देशाची सरासरी घेऊन साऱ्या देशाला उपाशी ठरवावयाचे नाही. घराघरांत अन्न कसे वाटले गेले आहे आणि माणसामाणसाची गरज किती कमीअधिक असते, ही दोन्ही पसरणे एकत्र पाहावयाची. १९६३ च्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत उत्तर आले ते असे की, दहा ते पंधरा टक्के लोकांना पोटभर मिळत नाही. आणि निकृष्ट आहारामुळे कुपोषित असलेले धरले तर जगाच्या निम्म्यापर्यंत हा आकडा जातो. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्याच वर्षी ह्या कार्याबद्दल त्यांना रौप्य गाय पदक दिले.

दोन तृतीयांशांवरून दहा-पंधरा टक्के! आकडा उतरला की दानपेटीही उतरते, हे सुखात्म्यांना कळत नसेल काय? तरीही त्यांनी तो उतरवला. ह्याबद्दल आमच्या मनात त्यांच्याविषयी निव्वळ आदर आहे.

प्रथिनांच्या बाबतीतही तेच. १९६० च्या दशकात जगभर हाकाटी होती की, गरिबांच्या अन्नात प्रथिनांचा मोठा खड्डा आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी तर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाची घोषणाच केली. त्यावर उपाय म्हणून भुकट्या, पिठे, मिश्रणे. सुखात्मे ह्यांनी भारतीय आहाराचे आकडे मांडून दाखवले की, भाकरी आणि डाळ खाणारा माणूस ती पोटभर खाईल तर त्याला प्रथिने बहुधा पुरतात. ज्याला कमी पडतात त्याला मुळात अन्नच कमी पडते, आणि मग खाल्लेली प्रथिनेही जळणासारखी जळून जातात. आज हे सर्वमान्य आहे. तेव्हा ते मोठ्या धारिष्ट्याचे होते. मिशनच्या पातेल्यात दुधाची भुकटी ढवळताना, आणि ते दूध पिऊन कित्येक पोरांची पोटे बिघडताना पाहिलेले असल्यामुळे, आम्हांला तर ते वाचताच पटले.

वाद आहे तो त्यानंतरचा. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काही काळ अमेरिकेत बर्कली येथे राहून ते पुण्यास परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. त्याच १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांचा दारिद्र्यावरचा ग्रंथ निघाला होता. दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, ही त्यांची रेषा. सुखात्मे म्हणाले, ही रेषा सरासरी गरजेवर ओढलेली आहे. सरासरीचा अर्थच असा की, धडधाकट माणसांतही निम्म्यांची गरज तिच्याखाली असते. मग त्या निम्म्यांना उपाशी कसे म्हणता? एवढ्यावर ते थांबले नाहीत. बर्कलीचे डॉ. शेल्डन मार्गेन ह्यांच्यासह त्यांनी असे मांडले की, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. शरीर आपला खर्च एका मर्यादेत स्वतःच आवरते आणि कमी अन्नातही तोल सांभाळते. म्हणून रेषा सरासरीपाशी नव्हे, तिच्या पुष्कळ खाली ओढावी. तशी ओढली की भुकेल्यांची संख्या झपाट्याने खाली येते.

दांडेकर स्वतः संख्याशास्त्रात मुरलेले. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी ह्या मांडणीवर कठोर टीका केली. दोघांच्या संस्था पुण्यात एकमेकींपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर होत्या, हे लक्षात आले की गंमत वाटते. हैदराबादच्या पोषण संस्थेचे अध्वर्यू राहिलेले डॉ. गोपालन ह्यांनीही असल्या विचारसरणीविरुद्ध लिहिले. त्यांचा रोख असा की, मूल खेळणे थांबवून आणि वाढणे थांबवून तोल सांभाळत असेल, तर त्याला निरोगी म्हणता येत नाही.

सुखात्मे ह्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, गरीब सुखात आहेत असे त्यांनी कधी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे, घाणेरडे पाणी, जंत, जुलाब ह्यांनी पोखरलेल्या आतड्यात कितीही धान्य ओता, ते गळून जाते. म्हणून आधी पाणी आणि स्वच्छता पाहा. ह्यात त्यांची दृष्टी पुष्कळांच्या पुढे होती. तरीही रेषा खाली ओढण्यापुरते आम्ही दांडेकरांच्या बाजूचे. कारण भिंतीला टेकून बसलेले ते मूल आम्ही पाहिले आहे. तेही तोलच सांभाळत होते. त्याच्या घरानेही सांभाळला होता, शेळी विकून. आणि ज्याने ते पाहिले नाही अशा कुणी आकडे तपासले असते, तर आमच्या यादीत त्याला दोष सापडला नसता.

दांडेकर १९९५ साली गेले. सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात वारले. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि मग जुन्या ट्रंकेतून ती वही काढून पाहिली. खोडलेली शेळी अजून वाचता येते. आम्ही एकच आडवी रेघ मारली होती.

मावशी आता नाहीत. धाकटी मुलगी पन्नाशीच्या पुढे आहे. प्रकृती उत्तम, कधी दवाखान्याची पायरी चढलेली नाही, हे ती अभिमानाने सांगते. उंची मात्र साडेचार फुटांच्या थोडी वर; तिची दोन्ही मुले तिच्याहून हातभर उंच आहेत. सुखात्मे ह्यांनी तिच्याकडे पाहून काय म्हटले असते आणि गोपालन ह्यांनी काय, हा विचार रविवारी मिस्सात आमचे चित्त विचलित करतो, त्याची कबुली आम्ही फादरांना दिलेली आहे. पहिले वाचन बहुधा तिच्याकडे असते. ती वेदीजवळ येते, ध्वनिक्षेपकाची मान दोन्ही हातांनी खाली ओढून घेते, आणि वाचू लागते.